घरचं पाणी पुरीला

काकांनी दहा लिटरची रुंद तोंडाची कॅन माझ्या टेबलावर ठेवली. "हा पुरावा, मॅडम. बाहेरच्या पाण्याचा थेंबही पोरीच्या तोंडात जाऊ दिला नाही."

काकांचं गांधीबागेत कापडाचं दुकान. पोरगी म्हणजे चार वर्षांची नात स्वरा, आईच्या खांद्यावर मलूल पडलेली. मंडळी त्याच सकाळी पुरीहून परतली होती आणि स्वराला आदल्या दिवसापासून जुलाब. डोळे खोल गेलेले, रडताना पाणी नाही, लघवी रात्रीपासून नाही. शरीरातलं पाणी असं कमी होतं, त्याला आम्ही डिहायड्रेशन म्हणतो. आणखी घसरली असती तर सलाईन लावावं लागलं असतं, आणि अशा लेकराची शीर सापडता सापडत नाही. मी लिटरभर पाण्यात पाकीटभर ओआरएस कालवायला लावलं. आईनं चमच्याचमच्यानं पाजायला सुरुवात केली.

जाण्याआधी मी काकांना बजावलं होतं, की सीलबंद किंवा उकळलेलंच पाणी द्या. त्यांनी मान डोलावली आणि घरचं फिल्टरचं पाणी भरून नेलं. परक्या गावचं पाणी लेकरांना बाधतं, यावर त्यांची श्रद्धा.

आणखी कोण आजारी, असं मी विचारलं. सहा जण गेले होते, बाकी पाच ठणठणीत.

"तुम्ही काय प्यायलात?"

"आम्ही बॉटलचं. घरचं पाणी पोरीसाठी राखून ठेवलं होतं."

पाच दिवस ते पाणी उन्हात, गाडीत फिरलं. ग्लास बुडवून काढायचे, हातासकट. मी ते पाणी तपासायला लॅबला पाठवलं नाही. कॅनमधलं ग्लासभर काढून काकांपुढे सरकवलं. "घ्या, घरचंच आहे."

काकांनी ग्लास माझ्याकडे परत सरकवला. "मले तहान नाही."

सूनबाई त्या सकाळी पहिल्यांदा हसली. काका मात्र कॅन टेबलावरून खाली ठेवत म्हणाले, "म्याच पाजून राहिलो होतो तिले, मॅडम. माझ्या हातानं." मला आलेला राग तिथंच गेला.

दुपारी स्वराला लघवी झाली. ही बातमी काकांनी वेटिंगमधल्या अनोळखी लोकांनाही सांगितली.

तेव्हापासून प्रवासाला निघालेल्यांना सूचना देऊन झाल्या, की मी घरून काय नेणार तेही विचारते. परवा काकांचा फोन आला, गोव्याला चालले होते. या वेळी फक्त ओआरएस नेतो म्हणाले.

"किती पाकिटं?"

"चाळीस. अन् मॅडम, ते कालवायले पाणी घरचं नेऊ का?"