हायवेकडेची हरणी

कापलेल्या गवताचा वास आला की युट्रेख्ट शहराबाहेरची ती सकाळ आठवते. रेल्वेरूळ आणि हायवे यांच्यामधल्या चिंचोळ्या झाडीकडे कुणी बघतही नसे, पण एक हरणी रोज तिथेच बसते, हे मी आणि नवऱ्याने दबलेल्या गवतावरून हेरलं होतं. आम्ही नुकतंच गवत कापलेल्या पायवाटेवरून तिला न्याहाळत होतो, तेवढ्यात एका माणसाने मोकळा सोडलेला कुत्रा झाडीत घुसला. "अहो, बांधा त्याला!" मी मोडक्या डचमध्ये ओरडले. "काही करत नाही तो," माणूस हसून म्हणाला. हरणी उठली आणि थेट हायवेवर धावली. ब्रेक करकचले, पाठोपाठ धप्प आवाज आला. त्या माणसाने शांतपणे खिशातून पट्टा काढला आणि कुत्र्याला बांधलं. मग मात्र मी मराठीतच तोंडाला येईल ते बोलले. "चल, पुरे आता," नवरा दंडाला धरून म्हणाला. माझं अजूनही पुरे झालेलं नाही.