एकाच लेन्सवर भागवायचं ठरवलं तेव्हा

निवृत्त झाल्यावर कॅमेरा घ्यायचा, हे मी फार आधीपासून ठरवून ठेवलं होतं. मधल्या काळात मुलीचं शिक्षण झालं, नागपूरच्या नंदनवन भागात घर झालं, आणि कॅमेरा दर वेळी मागे पडत गेला. नोकरी सरकारी कचेरीत, ड्राफ्ट्समनची. कालव्यांचे, पाटचाऱ्यांचे नकाशे काढायचे. शेवटच्या वर्षांत सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं, पण त्याआधी ट्रेसिंग पेपरवर शाईची लांब रेघ ओढायची असली की साहेब मलाच बोलावत. हात चांगला आहे, असं सगळे म्हणत. मलाही ते खरं वाटायचं.

सीताबर्डीवरच्या दुकानात गेलो तेव्हा कॅमेरा पटकन ठरला. अडलं ते लेन्सवर. दुकानदाराने काउंटरवर दोन प्रकार मांडले. एक मोठी झूम लेन्स, अठरा ते दोनशेची. जवळचं, लांबचं, लग्नाचा अख्खा मंडप आणि तळ्याच्या पलीकडचा बगळा, सगळं तिच्यात येणार. दुसरीकडे कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी लेन्स, आणि जोडीला पन्नासची एक छोटी लेन्स. ती झूम होत नाही, पण अंधाऱ्या जागी चांगलं काम देते.

"तुम्हाला फोटो कशाचे काढायचे आहेत, त्यावर आहे," दुकानदार म्हणाला.

आता हे मी काय सांगणार? इतकी वर्षं थांबलो होतो, मला सगळ्याचेच काढायचे होते.

घरी येऊन मी कितीतरी दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहत बसलो. कोणी म्हणे एकच लेन्स घ्या, कोणी म्हणे मुळीच घेऊ नका. शेवटी बायको वैतागली. "अहो, दोन-दोन लेन्सा घेऊन कुठी फिरान तुमी? बदलता बदलता एखादी पडन हातातून. सगळं एकात होते ना, मंग तेच घ्या."

मला तेच ऐकायचं होतं. मोठी झूम घेतली.

पहिल्यांदा सक्करदऱ्याच्या तळ्यावर गेलो. सकाळचं ऊन होतं, पाण्यावर पक्षी होते, फोटो बरे आले. काही जरा पुसट वाटले, पण नवीन माणसाचे असेच येत असतील असं समजून मी ते सोडून दिलं.

त्याच सुमारास उमरेडहून मोठ्या भावाचा फोन आला. आमचं घराणं विणकरांचं. मी शिकून नागपूरला आलो, भाऊ मागावर बसले ते बसलेच. गावातले बहुतेक माग बंद पडले, कोणी खाणीत लागलं, कोणी दुकान टाकलं. भाऊ मात्र वर्षाकाठी दोन-चार लुगडी विणत राहिले. आता पुतण्याला त्या जागी भाड्याच्या खोल्या काढायच्या होत्या.

"माग काढून टाकू म्हणते तो," भाऊ म्हणाले. "मायाही गुडघा आता मागाच्या खड्ड्यात उतरू देत नाई. तू कॅमेरा घेतला म्हणे. एकडाव येऊन जाय गा, फोटो काढून घे."

दुसऱ्याच आठवड्यात मी एसटीने उमरेड गाठलं. बायको सोबत होती. भाऊंनी धुतलेला सदरा घातला होता आणि दाढी केली होती. मागाची खोली लहान, वरच्या कौलांत काचेचा एक तुकडा, बाकी सगळा अंधार. त्या एवढ्याशा उजेडात भाऊ खड्ड्यात पाय सोडून बसले, आडव्या धाग्याचा धोटा हातात घेतला आणि विणू लागले. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मधेच म्हणाले, "तुयाकडे पाहायला लावू नको मले. हात चुकते."

मी दारातून काढले, कोपऱ्यातून काढले. झूम करून त्यांची बोटं घेतली, कपाळावरचा घाम घेतला. कॅमेऱ्याचा पडदा इवलासा, त्यावर सगळं छान दिसत होतं. वहिनींनी चहा आणला तोवर शंभरावर फोटो झाले असतील. निघताना भाऊंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बाबाचा एकही फोटो नाई आपल्याकडे मागावरचा. माया तरी राहीन," म्हणाले.

घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर टाकले. एकही धड नव्हता. बोटं म्हणजे नुसते फरांटे, आणि चेहरा ओल्या बोटाने पुसल्यासारखा. भाऊ विणत होते म्हणून हात हलले असतील म्हणावं, तर मागाचे स्थिर लाकडी खांबही दुहेरी दिसत होते.

मला लेन्सचाच राग आला. नवी वस्तू आणि अशी निघावी! दुकानात फोन केला, त्यांनी तपासायला ठेवून घेतली. परत आली तेव्हा म्हणाले, दोष काही नाही. माझा विश्वास बसेना. त्यात बरेच दिवस गेले. मधे भाऊंनी विचारलं, "कसे आले गा फोटो?" मी म्हटलं, "पाहून राहिलो, पाठवतो." लेन्स बदलून मिळाली की परत जाऊ, तेव्हाच सांगू, असा माझा हिशेब.

शेवटी बायकोला घेऊन दुकानात गेलो आणि जरा चढ्या आवाजातच बोललो. दुकानदाराने वाद घातला नाही. कॅमेरा घेतला, दुकानाच्या आतल्या कपाटाकडे झूम करून एक फोटो काढला. खोक्यावरची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येत होती. मग कॅमेरा माझ्या हातात दिला. "आता तुम्ही काढा, काका. तिथूनच."

मी काढला. अक्षरं फरफटलेली. परत काढला, श्वास रोखून, कोपर काउंटरला टेकवून. तेच. दुकानदार माझ्या हाताकडे पाहत होता. मग मीही खाली पाहिलं. कॅमेऱ्याचा पट्टा लोंबत होता, आणि तो हलत होता. पंखा बंद होता.

रिक्षात बायको म्हणाली, "चहाची बशी वाजते तुमची. वर्ष झालं असन."

"मंग बोलली काहून नाहीस?"

"तुमाले राग आला असता. आन् मले वाटलं, वयाचं असन." थोड्या वेळाने म्हणाली, "ते मोठी लेन्स मीच घ्यायला लावली. ते लहानी घेतली असती तर?"

डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढायला लावला. माझा गोल पाहून मला स्वतःचीच लाज वाटली. ते म्हणाले, हा जिवावरचा आजार नाही, हाताचा कंप आहे, गोळीने कमी होईल, जाणार मात्र नाही. छोट्या लेन्सचं म्हणाल तर बायकोचं खरं होतं. त्या लेन्सने मागाच्या खोलीतल्या अंधारातही झटकन उजेड घेतला असता आणि हात हलायच्या आत फोटो निघून गेला असता. हे दुकानदाराने नंतर मला समजावून सांगितलं, मी विचारलं म्हणून. पाच वर्षांपूर्वी कॅमेरा घेतला असता तर कुठलीही लेन्स चालली असती, हे त्याने सांगितलं नाही. ते मला कळत होतं.

छोटी लेन्स त्याच दिवशी घेतली आणि दुकानाच्या पायरीवरूनच भाऊंना फोन लावला. म्हटलं, "रविवारी येतो, पुन्हा थोडे फोटो काढू."

भाऊ म्हणाले, "कायचे काढतं आता? मंगळवारीच काढला ना माग. फोटो झाले म्हणून म्या थांबलो नाई. नाहीतर थांबलो असतो गा, मले का घाई होती?"

मी खरं काय झालं ते तेव्हा सांगितलं. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "हाताले दवा घेऊन राहिला ना?" फोटोबद्दल एक शब्द विचारला नाही.

तरी रविवारी गेलो. खड्डा मुरमाने बुजवला होता, वर सिमेंटच्या गोण्या रचल्या होत्या. लाकूड कोणी नेलं ते मी विचारलं नाही. भाऊ अंगणात बाजेवर बसले होते. मी भिंतीला टेकून, छोटी लेन्स लावून त्यांचा फोटो काढला. उजेड भरपूर होता आणि फोटो अगदी स्वच्छ आला. सदऱ्याची शिवण दिसते, पांढऱ्या भुवयांचा एकेक केस दिसतो. हात मांडीवर आहेत, रिकामे. पुतण्याने तो मोठा करून भिंतीवर लावला आहे. येणारेजाणारे छान आला म्हणतात, आणि भाऊही हो म्हणतात.