सुरू झालेलं इंजिन

माझी बायको सुमन गेल्यावर मी मोटरसायकलचं इंजिन थेट हॉलमध्येच उघडलं. फरशीवर तेल सांडलं म्हणून रागावणारं आता घरात कुणी नव्हतं. ज्यांच्यासोबत पूर्वी घाट पालथे घातले, ते विलास आणि आणखी दोघं मित्र चार रविवार मदतीला आले. पिस्टन बसवताना आम्ही भांडलो, हसलो. काल इंजिन गाडीवर चढवल्यावर विलास म्हणाला, "मार किक!" तिसऱ्या किकला ते धडधडलं. सगळ्यांनी हात धुतले आणि ते आपापल्या घरी गेले. बिघडलेल्या वस्तूभोवती माणसं जमतात. ती दुरुस्त झाली की कुणाला यायचं कारण उरत नाही.

आज मी विलासला फोन केला.

"इंजिनमधून जरा आवाज येतोय रे."

आवाज येत नव्हता.

"रविवारी येतो," तो म्हणाला. "पोहे कर."