गाऱ्हाणं कोणी घालायचं?

बाकी काहीही म्हणा, गुरुनाथ परब हा जळकुकडा माणूस नव्हता. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली तरी हा आपल्या सायकलवर खूश. ज्याला स्वतः काम शिकवलं तो पोरगा डोक्यावर मॅनेजर होऊन बसला, तर ह्याने ऑफिसात केक नेला. कुडाळहून निघालेला हा माणूस एकोणीस वर्षं नेदरलँड्समधल्या बुइटनव्हेल्डर्टच्या त्याच तिसऱ्या मजल्यावर राहिला, एका बँकेच्या सॉफ्टवेअरची डागडुजी करत राहिला, आणि सुखात राहिला. फक्त एका बाबतीत कोणी आपल्यापुढे गेलेलं त्याला खपत नसे. ती बाब म्हणजे ऑलिम्पिकचा उद्घाटन सोहळा.

स्पर्धा नव्हेत हं! कोण किती धावलं नि कोणाला किती पदकं मिळाली, त्याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नव्हतं. सोहळा. सोल ऑलिम्पिकच्या वेळी त्याने शेजारच्या टीव्हीसमोर मांडी घातली, ती अजून सोडली नव्हती. सहा वह्या भरल्या होत्या. नॉर्वेवाल्यांनी बर्फाखालून आपल्या लोककथांतली भुतंखेतं बाहेर काढली, सिडनीत घोडेस्वार आले, लंडनवाल्यांनी स्टेडियममध्ये हिरवळ पसरून खऱ्या मेंढ्या चारल्या, सगळ्याची तारीखवार नोंद. फेब्रुवारीत इटलीतला सोहळा पाहायला त्याने रजा टाकली होती. एवढ्या अभ्यासातून त्याने एक सिद्धांत काढला होता: यजमान देश कितीही पुढारलेला असो, पाहुणे आले की तो आधी आपलं रान दाखवतो, आपल्या मुलखातली जुनी माणसं दाखवतो, आणि मग यंत्रं. बायको मृदुला आणि लेक वैदेही ह्यांना हा सिद्धांत तोंडपाठ झाला होता, कारण दर चार वर्षांनी नव्हे, दर चार दिवसांनी तो ऐकावा लागे.

तर यंदा युरोपातल्या सात मराठी मंडळांचा क्रीडामेळावा नेदरलँड्सकडे आला. मैदान म्हणून डीमनमधलं एक क्रीडा सभागृह ठरलं. उद्घाटनाला यजमान मंडळाला बारा मिनिटं. बारा मिनिटं म्हणजे काय थट्टा आहे? गुरुनाथला वाटलं, आपला जन्म ह्याचसाठी झाला.

मंडळाच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी बटाटे सोलता सोलता तो मृदुलाला म्हणाला, "अगं, पण इथे दाखवायचं काय? ह्या देशात रान आहेच कुठे? हार्लेमच्या वाळूच्या टेकड्यांत गवे आणून सोडलेत, तेही कुंपणात. जमीनसुद्धा पाणी उपसून केलेली. मग इथला राखणदार देव कोण? आमच्याकडे विहीर खणायची तरी आधी राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. बाबाच घालायचे. सगळा गाव मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायचा." मृदुला कोथरूडची. तिने हे लग्नानंतर एकदाच पाहिलं होतं. सोलणं थांबवून ती म्हणाली, "हे छान आहे रे." "हे तर उदाहरण दिलं," तो म्हणाला आणि पुन्हा लंडनच्या मेंढ्यांवर गेला.

बैठक हार्लेमला, मंडळाच्या अध्यक्ष मंजूषाताईंच्या घरी. गुरुनाथ चाळीस मिनिटं बोलला. तिसऱ्या वहीपर्यंत पोचला तेव्हा मंजूषाताईंनी चहाचा तिसरा कप पुढे केला आणि विचारलं, "गुरुनाथदादा, ते सगळं खरं. पण आपण काय करायचं?"

तो पान शोधू लागला. तेवढ्यात मृदुला म्हणाली, "गाऱ्हाणं घालूया. लेझीम सगळेच करतात. आपण इथल्या समुद्राला, बांधाला, कालव्याला नमस्कार करू, आलेल्यांना सांभाळ म्हणू, आणि चारशे माणसं एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतील. गुरुनाथच्या गावाकडची पद्धत आहे."

"अय्या, काय सुंदर!" मंजूषाताई म्हणाल्या. "मृदुलाताई, तुम्हीच घाला. आवाज काय आहे तुमचा!"

मृदुलाने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने वहीत पाहिलं. झालं, ठरलं.

त्या दिवसापासून गुरुनाथच्या पोटात जे पेटलं ते विझेना. आयडिया माझी, गाव माझं, बाप माझा आणि आवाज म्हणे हिचा! फोन वाजला की मृदुलाताई आहेत का. आल्बर्ट हाइनच्या दुकानात भाजी घेताना कोणी भेटलं की मृदुलाताईंनी काय कल्पना काढली हो! छातीत जळजळ होते म्हणून तो डॉक्टरकडे गेला. इथल्या डॉक्टरांनी इथल्या रिवाजाप्रमाणे पॅरासिटामॉल घ्यायला सांगितली. हेव्यावर पॅरासिटामॉल चालत असती तर जग कधीच सुधारलं असतं.

"गावात बाईमाणूस गाऱ्हाणं घालत नाही," एकदा जेवताना तो म्हणाला.

"गावात बँकेचं सॉफ्टवेअरही कोणी लिहीत नाही," मृदुला म्हणाली.

"डू नॉर्माल, बाबा," वैदेही म्हणाली. हे इथल्या प्रत्येक पोराचं ब्रह्मवाक्य, म्हणजे माणसासारखं वागा. तो ताटावरून उठला.

मग एका रविवारी मृदुला वही-पेन घेऊन त्याच्याजवळ बसली. "सांग ना रे गुरू, बाबांचं गाऱ्हाणं. अगदी ते म्हणायचे तस्सं."

गुरुनाथला शब्दन् शब्द येत होता. बाबा कुठे दम घेत, कुठे आवाज चढवत, सगळं कानात होतं. तोंड उघडलं की घडाघडा बाहेर पडलं असतं. तो म्हणाला, "विसरलो."

"सगळं?"

"एकोणीस वर्षं झाली. विसरलो म्हटलं ना."

ती वही मिटून उठून गेली. थोड्या वेळाने बेडरूममधून तिचा आवाज आला. गावी त्याच्या थोरल्या भावाला, अरुणदादाला फोन लावला होता. तासभर बोलणं चाललं, हसणं चाललं. आपला सख्खा भाऊ आपल्याशी सणावारीसुद्धा पाच मिनिटं बोलत नाही, आणि हिच्याशी तासभर! गुरुनाथला त्या फोनचासुद्धा हेवा वाटला.

मेळाव्याच्या सकाळी डीमनचं सभागृह गच्च भरलं. बर्लिन, पॅरिस, लंडन, कुठकुठची मंडळी. मृदुला साधी सुती साडी नेसून, सुरिनामी दुकानातून आणलेला नारळ हातात घेऊन पुढे आली. गुरुनाथ तिसऱ्या रांगेत बसला होता. मनात एकच: चुकू दे. एकदा तरी चुकू दे.

"हे गाऱ्हाणं माझे सासरे घालायचे," ती माइकवर म्हणाली. "माझा नवरा ते ऐकत मोठा झाला आणि इथे येऊन विसरला. त्याला नावं ठेवू नका. आपण सगळेच इथे काही ना काही विसरलोय. म्हणून मी ते दिरांकडून शिकले."

चारशे तोंडांतून "अरेरे" निघालं. ओळखीच्यांनी वळून पाहिलं. शेजारी बसलेल्या बर्लिनच्या गृहस्थांनी गुरुनाथच्या गुडघ्यावर थोपटलं. "होतं असं, साहेब. आता बायकोकडून शिकून घ्या." गुरुनाथचे कान तापले. ओरडून सांगावंसं वाटलं, की अहो, मला येतं! सगळं येतं! पण मग विसरलो का म्हणालास, ह्याला उत्तर काय देणार? कप्पाळ!

मृदुलाने नारळ उंच धरला.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा येशीच्या, बारा वहिवाटीच्या देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सभागृह दणाणलं.

"हय रान नाय, डोंगर नाय. जी काय जमीन हा ती लोकांनी पाण्याकडसून मागान घेतल्यानी. त्या पाण्याच्या, बांधाच्या, वाळयेच्या राखणदारा, आज तुझी लेकरां खेळूक जमली हत, तेंका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कोथरूडची बाई, पण चाल थेट बाबांची. गुरुनाथचे ओठ तिच्याबरोबर हलत होते, त्याला कळतही नव्हतं.

"जो कोणी भायरसून वाकड्या नजरेन बघतलो, तेची नजर सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि..." मृदुला थांबली.

सभागृह थांबलं. ती समोर बघत होती, ओठ मिटलेले. एक क्षण, दोन क्षण, पाच. मंजूषाताईंनी पदर तोंडाशी धरला. कुठेतरी कोणी खोकलं. मघापासून मागत होता ते देवाने दिलं होतं, चुकली! आणि गुरुनाथला ते बघवेना. अर्धं गाऱ्हाणं टाकायचं नसतं, बाबा म्हणायचे. तो कधी उभा राहिला ते त्याचं त्यालाच समजलं नाही.

"आणि आमच्यातल्याच कोणी मनात काय वाकडा धरल्यान असात," त्याचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गेला, "तर तेच्या मनातला ता वाकडा तू काढून टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चारशे माणसं ओरडली. सगळी त्याच्याकडे बघून.

पुढचं मृदुलाने पुरं केलं, नारळ फोडला, टाळ्या संपेनात. मंजूषाताई धावत आल्या. "गुरुनाथदादा! तुम्हाला तर येतं की! मग हे विसरलो काय म्हणून सांगितलंत?"

गुरुनाथ काही बोलायच्या आत मृदुला म्हणाली, "ऐकता ऐकता आत्ताच आठवलं त्याला. असंच असतं ना. कोणीतरी सुरुवात केली की येतं."

"किती गोड!" म्हणत मंजूषाताई पुढच्या पाहुण्यांकडे वळल्या.

खोबरं वाटायला जाताना मृदुलाने हातातला कागद त्याच्याकडे दिला, धर म्हणून. तिच्या सुबक अक्षरात अख्खं गाऱ्हाणं लिहिलेलं होतं. ती थांबली होती ती ओळही होती. तिच्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या, आणि शेजारी कंसात लिहिलं होतं: गुरू.

म्हणजे हिला माहीत होतं. दादाने सांगितलंच असणार, त्याका सगळा येता म्हणून. ती विसरली नव्हती. ती वाट बघत होती.

तो कागद धरून उभा राहिला. लाज वाटायला हवी होती, ती वाटलीही, पण जरा उशिरा. आधी वाटला तो हेवाच. कल्पना हिने नेली, आवाज हिचा, दादा हिचा. निदान मोठेपणा तरी माझ्यासाठी ठेवायचा होतास गं, मृदुला.