मुंगीचं ऑपरेशन, थोरल्याचं लेझर

मुंगी माझी धाकटी बहीण. सख्खी, पाठची. तिच्यासारखी रंगारीण आख्ख्या शहरात नाही, हे मी लिहून देतो. शाळा आम्हा दोघांची बेताचीच, पण हात असे की शिकलेल्यांनी रांग लावावी. या गोष्टीतला थोरला म्हणजे मीच. पण 'मी, मी' करत सांगितलं तर ती म्हणेल, झालं, इथेही तूच पुढे. म्हणून थोरला.

मुंगीने लग्न केलं नाही, दुकान केलं. विटलेले कोट, पडदे, सोफ्याची कव्हरं रंगवून द्यायची. मागच्या खोलीत तीन कढया, ढवळायचे दांडे, आणि नखांतून कधीच न निघणारा काळा रंग. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ती आधी आतल्या शिवणीतून बोटभर पट्टी कापणार, रंगात बुडवणार, वाळवणार, आणि मगच कोट कढईत. "नमुन्याशिवाय रंगवायला मी काय आंधळी आहे?" म्हणायची.

गेल्या वर्षी तिच्या लघवीला लालसर रंग आला. दुखणं नाही, खुपणं नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी मान वर न करता इन्फेक्शनच्या गोळ्या लिहिल्या. "बायकांना होतं असं. पाणी प्या." आठवडाभर रंग गेला, परत आला. परत गोळ्या. चार वेळा हेच रडगाणं. चौथ्या खेपेला मुंगी म्हणाली, "डॉक्टर, हा इन्फेक्शनचा रंग नाही."

डॉक्टर हसले. "रंग तुम्हाला कळत असेल, रोग मला कळतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडून उपयोग नाही हे तिला कळत होतं. मग तिने जे केलं ते तिलाच सुचावं. पांढऱ्या सुती कापडाच्या पट्ट्या कापल्या. रंग दिसला की एक बुडवायची, वाळवायची, कोपऱ्यात तारीख घालायची. महिन्याभरात एकवीस पट्ट्या झाल्या, फिक्या गुलाबीपासून विटकरीपर्यंत. त्या घेऊन ती थेट मोठ्या दवाखान्यात मूत्रविकाराच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि टेबलावर ओळीने मांडून मोकळी झाली.

बाईंनी आपला जेवणाचा डबा हळूच बाजूला सरकवला. "या धुतलेल्या नाहीत ना?"

"धुतल्या तर नमुना कसला?"

बाईंनी एकवीसच्या एकवीस पट्ट्या पाहिल्या आणि त्याच आठवड्यात दुर्बीण घालून आत बघितलं. मूत्राशयात गाठ, वाटाण्याहून थोडी मोठी. कॅन्सर. पण वरवरचा वाटतोय, लवकर सापडलाय.

आता थोरला पुढे आला, कारण असल्या वेळी थोरल्यानेच पुढे यायचं असतं. तो पत्रा कापायच्या कारखान्यात बारा वर्षं लेझरचं मशीन चालवतो. सहा मिलीचा पत्रा लोण्यासारखा कापतो, कडेवरून बोट फिरवा, ओरखडा नाही. त्याने मुंगीची फाईल बगलेत मारली आणि बाईंना सांगून टाकलं, "लेझरच करायचं. लेझर म्हणजे काय ते मला विचारा."

"आम्ही तारेने करतो," बाई म्हणाल्या. "लघवीच्या वाटेनेच आत जायचं, तारेच्या कडीत वीज सोडायची, गाठ तासून तुकडे बाहेर काढायचे. पोटावर टाका नाही."

"तार? आमच्याकडे भंगारवालासुद्धा तारेने कापत नाही."

बाईंनी सुस्कारा सोडला. "लेझर वाईट नाही हो. रक्त कमी जातं, लघवीची नळी बहुतेक लवकर निघते. आख्खी गाठ मुळासकट एका तुकड्यात काढणारेही आहेत. पण त्यांच्याकडे दीड महिन्याचा नंबर. आणि जवळच्या ठिकाणी जे लेझर आहे, तिथे गाठ जाळून टाकतात. जळाल्यावर तपासायला मी काय पाठवू, धूर? मला गाठीच्या बुडाचा तुकडा पाहिजे, स्नायूपर्यंतचा. किती आत शिरलंय ते त्यावरच कळेल."

"तारेने काढलं तर परत येणार नाही, याची गॅरंटी?"

"ती लेझरचीही नाही अन् तारेचीही नाही. दर तीन महिन्यांनी आत बघावं लागणार."

आजार मुंगीचा, आणि बोलणं चाललेलं दुसऱ्या दोघांचं. ती म्हणाली, "म्हणजे आधी नमुना."

"बरोबर."

"मग गुरुवारचं लिहा."

थोरल्याला हे पटलं नाही. सोमवार ते बुधवार तो फाईल घेऊन दवाखाने हिंडला. सगळ्यांना सांगितलं, माझ्या बहिणीला लेझरशिवाय हात लावू देणार नाही. दुकानात येणारी गिऱ्हाइकं मुंगीला विचारू लागली, "लेझर कधी?" ती दांडा कढईत आपटून सांगायची, "आमच्या दादाला विचारा, मी फक्त पेशंट आहे."

बुधवारी संध्याकाळी तो आला तोच विजयी चेहऱ्याने. "मुंगे, नंबर लावला. दीड महिन्याने. एका तुकड्यात काढणारा माणूस आहे, बाहेरून शिकून आलाय."

"आणि दीड महिना ती आत काय करणार? विणकाम?"

"अगं, मी बारा वर्षं..."

"दादा, तुझ्या पत्र्याच्या आत काय शिरलंय ते कुणी बघतं का? मला बघायचंय. आधीच गोळ्या खाण्यात पाच महिने घालवलेत. फाईल दे."

"सकाळी बोलू."

"फाईल दे म्हणते ना."

त्याने फाईल कपाटात ठेवली, किल्ली खिशात टाकली. त्याला तिचं वाईट करायचं नव्हतं. आपल्या माणसाला तारेने तासून काढतात, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. पण हे बोलून दाखवायचं तर आपली भीती उघडी करावी लागली असती. ती जिना चढून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती उपाशीपोटी, बिनफाईलची, दवाखान्याच्या खिडकीपाशी उभी होती.

"फाईल?" नर्सने विचारलं.

"भावाकडे."

"आणि भाऊ?"

"झोपलाय."

"भुलीच्या डॉक्टरांचा कागद त्यात आहे. त्याशिवाय आत घेता येत नाही. तुमचा पहिला नंबर दुसऱ्यांना देते मी."

मुंगी बाकावर बसली. "द्या. पण मी इथून उठणार नाही."

थोरला पाऊण तासाने धावतपळत आला, फाईल छातीशी धरून. आल्या आल्या नर्सला लेझरचं सांगायला लागला. मुंगीने त्याच्या हातातून फाईल ओढली, भुलीचा कागद स्वतः शोधला आणि खिडकीत सरकवला.

"आता सगळ्यांच्या शेवटी," नर्स म्हणाली. "दुपार होईल. तोवर पाण्याचा थेंब नाही."

थोरल्याने पिशवीतून बाटली काढली होती, ती परत आत ठेवली. "मुंगे, अजूनही नंबर..."

"गप्प बस दादा."

तिने संमतीचा कागद मागून घेतला. पद्धतीच्या रकान्यात तारच लिहिली आहे ना, ते बोट ठेवून दोनदा वाचलं, आणि त्याच्याकडे न बघता सही केली.