एक पूर्ण दिवस आणि एक अर्धा

लग्न होऊन पोरगी सातवीला गेली तरी मला कुणी काही ठरवायला सांगितलं नव्हतं. भाजी कोणती करायची, एवढं सोडून. त्यामुळे त्या दिवाळीच्या सुट्टीत मालक, म्हणजे लेकरांचे वडील, हात धुताधुता म्हणाले, "तूच ठरव, पूर्ण दिवस कुठं अन् अर्धा कुठं," तेव्हा आधी मला ते दुसऱ्या कुणाला म्हणतायत असं वाटलं. घरात दुसरं कुणी नव्हतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्ही हिंगोलीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचो. मालक एसटीत कंडक्टर होते. सासर हट्ट्याच्या पुढं, एका लहान गावात. तिथं मेंढरं, शेरडं आणि थोडी कोरडवाहू जमीन. मेंढरांच्या घरात सुट्टी नसते. चारा संपला की निघायचं, पाऊस लागला की थांबायचं, त्यात ठरवण्यासारखं काही नसतं. मालकांनीही नोकरीत लागल्यापासून सगळी रजा लग्नकार्यात आणि मयतीत घालवली होती. पण त्या वर्षी त्यांच्या मनानं घेतलं की लेकरांना हैदराबाद दाखवायचं.

हैदराबादेत तेव्हा दोन पार्कांचं फार नाव होतं. एक शहराच्या बाहेर एका टोकाला, सिनेमाच्या शूटिंगसाठी उभारलेलं, खोट्या गल्ल्यांचं आणि खोट्या महालांचं. दुसरं बरोबर उलट्या टोकाला, पाण्याचं: उंच घसरगुंड्या आणि आपोआप लाटा येणारा तलाव. रजा चार दिवसांची. जाण्यायेण्यात दोन गेले. उरले दोन, आणि त्यातल्या दुसऱ्या दिवशी दुपारीच परतीची गाडी. म्हणजे एका पार्कला पूर्ण दिवस मिळणार आणि एकाला अर्धाच. पोरीला पूर्ण दिवस सिनेमात हवा होता. पोराला पाण्यात. पोरगं दुसरीत होतं, त्याला अर्धा म्हणजे किती हेसुद्धा नीट कळत नव्हतं, पण अर्धा नको एवढं पक्कं कळत होतं.

मी विचारत सुटले. शेजारच्या बाई सिनेमाचं पार्क बघून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, दोन दिवस गेले तरी पुरत नाही, पाय मोडतात. डेपोतले एक ड्रायव्हर पाण्याच्या पार्कात जाऊन आले होते, ते म्हणाले, "वैनी, सिनेमाचं काय, टीव्हीवर दिसतंच की. पाण्यातून मानूस निघत न्हाई भाईर." डेपोत म्हणे यावरून दोन तट पडले. मी सकाळी सिनेमा ठरवायची, संध्याकाळी मोंढ्यातून बाजार घेऊन येताना पाणी ठरवायची. सिनेमाला पूर्ण दिवस दिला तेव्हा पोरगं जेवलं नाही. पाण्याला दिला तेव्हा पोरगी बोलेनाशी झाली. मग मी पुन्हा बदललं. पुन्हा एकदा बदललं असावं. निघताना शेवटचं काय ठरलं होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

आमच्यासोबत माझी नणंद होती. मालकांच्या पाठची, माझ्याहून थोडी मोठी. मी तिला आक्का म्हणायची, ती मला वैनी. तिच्या नवऱ्यानं दुसरी केली तेव्हापासून ती माहेरी गावात राहायची, शेरडं राखायची. "पोराला धरायला कुणीतरी पायजे," असं म्हणून सासूबाईंनीच तिला पाठवलं. मला त्याचं नवल वाटलं, कारण सासूबाई शेरडं सोडून तिला वसमतच्या बाजारालाही जाऊ देत नसत. आक्का एक पिशवी घेऊन आली, आणि कुठं चाललोय हे तिनं एकदाही विचारलं नाही.

कळमनुरीवरून नांदेड, तिथून रेल्वेनं हैदराबाद. स्टेशनजवळच्या लॉजवर सामान टाकलं, अंघोळी केल्या आणि सकाळी चौकात बस धरायला उभे राहिलो. पाट्या तेलुगूत. जन्मभर दुसऱ्यांना बस सांगणारे आमचे मालक प्रत्येक गाडीकडं मान वाकडी करून बघत होते. कुणीतरी बोटानं दाखवलं, एक गाडी आली, मालक ओरडले, "चढा, चढा!" पोरगं चढलं, त्याच्यामागं आक्का, मग मालक. मी पाय उचलला आणि पोरीनं माझा पदर ओढला. तिनं काचेवरचं इंग्रजी वाचलं होतं. "आई, ही पाण्याची हाय. आपल्याला तर सिनेमाला जायचं ना आज?"

मी ओरडले, "अहो, ही न्हाई! उतरा!"

गाडी निघून गेली.

मी आणि पोरगी रस्त्याच्या कडेला उभ्या. मोबाइल घरात एकच, तो मालकांच्या खिशात. चुकामूक झाली तर लॉजवर यायचं, एवढं बोलणं झालेलं. मला वाटलं, ते पुढच्या थांब्यावर उतरून परत येतील. थांबलो. ऊन वाढलं. मग वाटलं, आपणच त्यांच्यामागं पाण्याच्या पार्कात जावं. मग वाटलं, आपण तिकडं जायचो आणि ते इकडं यायचे. एका केळीवाल्यानं विचारलं, "अम्मा, कहां जाना है?" त्याचं बोलणं अगदी आमच्या हिंगोलीच्या बाजारातल्यासारखं, त्यामुळं मला एकदम रडू आलं. मी म्हटलं, "मालूम नै." तो हसला नाही. म्हणाला, "सोच लो, गाड्यां दोनो तरफ के आतेच रैते."

सिनेमाच्या पार्काची गाडी आली तेव्हा पोरगी नुसती माझ्याकडं बघत राहिली. कमरेच्या पिशवीत पैसे होते. आम्ही चढलो.

तो दिवस मी कसा काढला ते नीट सांगता येत नाही. सगळं सुंदर होतं आणि काहीच खरं नव्हतं. एक इमारत समोरून स्टेशन, बाजूनं गेलं तर देऊळ. डोंगरावर हात ठेवला तर तो सिमेंटचा. एका गल्लीत ओळीनं घरं, दाराला कड्या, खिडक्यांत पडदे. मी एका घराच्या उंबऱ्यावर टेकले, धपाट्यांचं फडकं सोडलं, आणि सवयीनं मागं वळून आत कुणी आहे का बघितलं. आत बांबू होते. पोरगी मात्र उड्या मारत होती, प्रत्येक गोष्ट मला दाखवत होती. मधेच थांबून म्हणाली, "आई, तुला आवडून न्हाई राहिलं का?"

"आवडतंय की."

"मग चेहरा काहून असा केला?"

मला आवडतच होतं. त्याच वेळी पोरगं बुडालं असेल असंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटत होतं आणि कुठलं पुढं करावं ते समजत नव्हतं.

संध्याकाळी लॉजवर आलो तर मालक दारातच.

"तू चढली काहून न्हाई?"

"तुमी गेले काहून?"

"हितं बायकांचं दार पुढं असतं. मला वाटलं तुमी पुढून चढल्या. अन् आज पाणीच ठरलं व्हतं ना?"

"सिनेमा ठरला व्हता."

"तूच म्हणली पाणी!"

"कवा?"

दोघांनाही आठवेना, त्यामुळं भांडण फार लांबलं नाही. पोरगं सुखरूप होतं, नाक सुजून लाल झालेलं. आक्का खिडकीपाशी केस सोडून बसली होती आणि तिचे डोळे पोराच्या नाकापेक्षा लाल होते. मी पोराला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "आत्या रडली. अन् हसली बी."

मला वाईटच शंका आली. कुणी काही बोललं का, हात लावला का. आक्काजवळ जाऊन बसले. "आक्का, काय झालं?"

"काय न्हाई वैनी. पान्यात औषध असतं, डोळे झोंबतेत." मग तीच बोलायला लागली. तिथं लुगडं चालत नाही, भाड्यानं कपडे घ्यावे लागतात. मालक म्हणाले, तू बस बाकावर. पण पोरगं एकटं वर चढायला भ्यायलं म्हणून तिनं कपडे घेतले. "पोरासारखी प्यांट घातली म्या. दादानं तोंडच फिरवलं. वर चढलो. लईच उंच. वरचा मानूस म्हणतो, जाव. मागं ही एवढी लाईन. म्हागारी याया जागा न्हाई. मंग लेकराला मांडीत घेतलं अन् सोडलं. अन् अशी वरडले वैनी, अशी वरडले... कुणी बघितलं बी न्हाई माझ्याकडं. सगळेच वरडून राहिले व्हते."

ती हसली. मग म्हणाली, "निरोप आलाय ना त्याचा, तवापासून वरडावंच वाटत व्हतं."

"कुणाचा निरोप?"

आक्का केस बांधता बांधता थांबली. "तुमाला दादानं न्हाई सांगितलं?"

तिच्या नवऱ्यानं निरोप धाडला होता. दुसरी बायको आजारी पडली होती, लेकरं लहान, घरात भाकरी टाकायला बाई पाहिजे होती. जुनं विसरा, पाठवून द्या. दिवाळी झाली की चार माणसं विचारायला येणार होती. त्याआधी जरा फिरून येऊ द्यावं, म्हणून सासूबाईंनी तिला आमच्यासोबत धाडलं होतं.

"मंग तुमी काय म्हणल्या?"

"म्या काय म्हणणार? म्हणले, तुमी ठरवा."

मी मालकांना जिन्यात गाठलं. ते म्हणाले, "तुला सांगायचं राहिलं." एवढी मोठी गोष्ट सांगायची कशी राहते, मला कळेना. मी विचारलं, "तुमच्या मनात काय हाय?" त्यांनी कठड्यावर हात घासला. "आई म्हणती, आपल्या घरी ती म्हातारी झाल्यावर कोण बघंल. ते बी खरं. अन् तो मानूस कसा हाय ते मला म्हाईत हाय. ते बी खरं. मला बी उमजून न्हाई राहिलं." मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मग त्याचंच वाईट वाटलं.

सकाळी पुन्हा तोच घोळ, आता उलटा. पोरीनं सांगून सांगून पोराला सिनेमा हवा झाला होता, आणि त्याचं ऐकून पोरीला पाणी. मालक म्हणाले, "सिनेमा लांब पडतो, दारात जाऊन म्हागारी यावं लागंल. त्यापरीस बाजार करू अन् स्टेशनवर बसू." सगळे माझ्याकडं बघायला लागले. आणि कोपऱ्यातून आक्का म्हणाली, "मला पान्यात जायचंय. आनखी एकदा."

इतक्या वर्षांत आक्कानं "मला" असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तहान लागली तरी ती "पानी हाय का" एवढंच विचारायची.

"पाणी," मी म्हटलं. विचार न करता. पोरगं रडायला लागलं, त्याला मी उचलून घेतलं.

त्या दिवशी मीही भाड्याचे कपडे घातले. मालक बाकावर सामान धरून बसले, आमच्याकडं पाठ करून. आक्का माझ्यापुढं पायऱ्या चढत होती आणि वर गेल्यावर तिनं मला पुढं केलं. खाली माणसं पोराच्या बोटाएवढी. मला परत जायचं होतं. मला घसरायचंही होतं. वरचा माणूस म्हणाला, "जल्दी करो अम्मा." मी कठडा सोडला, पुन्हा धरला. आक्का म्हणाली, "खाली बघू नका वैनी. म्या हाये मागं." मग तिनं ढकललं की मीच गेले, सांगता येत नाही. नाकातोंडात पाणी गेलं. उठून उभी राहिले तेव्हा पोरगी विचारत होती, "आई, मजा आली?" मी खोकत होते. मजाच असावी.

आक्का बाहेर यायला तयार नव्हती. मालक घड्याळ दाखवत होते, ती मान हलवायची आणि पुन्हा पायऱ्या चढायची. लाटांच्या तलावात अनोळखी बायकांचे हात धरून उभी राहायची, मग हात सोडून लाटेवर तरंगायची. आमची गाडी चुकली. संध्याकाळच्या गाडीत जागा मिळाली नाही म्हणून डब्याच्या दाराशी सामानावर बसून आलो. मालकांची एक रजा जास्तीची गेली. मला वाटलं ते आक्कावर चिडतील. नांदेड यायच्या आधी ते तिला म्हणाले, "पोरी, तुला पोहायला येतंय हे मला म्हाईत नव्हतं." ती म्हणाली, "मला बी."

दिवाळीनंतर ती माणसं आली. आम्हीही हट्ट्याला उतरून गावी गेलो होतो. ओसरीवर घोंगडं अंथरलं, चहा झाला. बोलणं गोलगोल चाललं होतं. शेवटी त्यातले वडीलधारे मालकांना म्हणाले, "मंग काय ठरवलं तुमी?"

मालकांनी कपबशी खाली ठेवली. मग आतल्या दाराकडं बघून म्हणाले, "तिलाच इचारा."

आक्का दारात आली. पदर नीट घेतला. "मला न्हाई जायचं," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. तिला पुन्हा विचारलं, समजावलं, एकानं तिकडच्या लहान लेकरांची शपथ घातली. ती तेवढंच म्हणत राहिली. माणसं उठून गेली.

नंतर कपबशा विसळताना मी हळूच विचारलं, "आक्का, ते पान्यामुळं झालं का हे?"

ती माझ्याकडं अशी बघायला लागली जशी मी वेडीच. "पान्याचं काय त्यात वैनी? पानी ऱ्हायलं तिथंच."

मग कशामुळं झालं, ते मला अजून माहीत नाही. ती त्याच गावात राहिली, पुढं तिनं स्वतःची शेरडं केली, कुणाच्या अंगावर पडली नाही. पण त्या दिवशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाई ओसरीवर डोक्याला हात लावून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "तुला तरी म्हाईत व्हतं का ही असं म्हणंल म्हणून?"

मी "न्हाई" म्हटलं. मग "व्हय" म्हटलं. सासूबाई मग शेरडांना पाण्यावर न्यायला स्वतःच उठल्या.