कोपराखाली वीतभर

आमचे मेस्त्री कामाला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारायचे. स्वयंपाकघराच्या मधोमध उभे राहायचे, कानामागची पेन्सिल काढायचे आणि घरातल्या माणसांकडे आळीपाळीने बघत म्हणायचे, "जेवन कोन बनवतं?" आम्हाला विचारलं तेव्हा मी चेहऱ्यावरची रेषही न हलवता खोटं बोलले. "मी," म्हटलं. शेजारी माझा सहा फुटी नवरा खिडकीबाहेर अशा काही एकाग्रतेने बघत होता की बाहेर जणू विमान उतरत होतं. बाहेर खाजणाचा चिखल होता आणि दोन बगळे.

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. नायगावला तेव्हा नव्या बिल्डिंगा उठत होत्या. आम्ही रिसेलमध्ये तळमजल्यावरचा जुना फ्लॅट घेतला होता. स्वयंपाकघराच्या भिंतींना ओल आलेली, ओट्याचा कडप्पा मधोमध तडकलेला. तरी पहिल्या दिवशी मी त्या रिकाम्या घरात सगळ्या खोल्यांतून उगाचच तीनदा चालून आले. सगळ्या म्हणजे दोन. आपलं घर ते आपलं घर.

आता खोटं का बोलले ते सांगते. आमच्या घरात स्वयंपाक शिरीष करायचा. त्याची पहिली पाळी, चारला घरी. मी फोर्टच्या ऑफिसातून परत येईपर्यंत साडेआठ. आल्या आल्या ताट वाढलेलं असायचं, आणि काय ताट. मला स्वयंपाक येतो, पण स्वयंपाकाला मी येत नाही. ही गंमत आमच्या दोघांतच होती, कारण सासूबाईंना ती कळली असती तर त्यांचं काळीज दुखावलं असतं. शिरीषचे वडील लवकर गेले. पाटणकडच्या त्यांच्या गावी सासूबाई दिवसभर लोकांच्या शेतात राबायच्या आणि नऊ वर्षांचा शिरीष धाकट्या बहिणींसाठी चुलीवर भाकऱ्या टाकायचा. त्याच्या मनगटावर तव्याचा डाग आहे. लग्नात सासूबाईंनी माझा हात धरून एवढंच मागितलं होतं, "ह्याला परत तव्यापाशी उभं करू नगंस, बाई." मी हो म्हटलं होतं. आणि आता वास्तुशांतीला येऊन त्या कायमच्या आमच्याकडे राहणार होत्या.

मेस्त्री खाडीकाठच्या, मिठागरापलीकडच्या गावातले. वय पंचावन्नच्या पुढे, खाकी अर्धी चड्डी, डोक्याला टॉवेल, अंगाने फाटक्या छत्रीसारखे, पण सिमेंटची गोणी एकटे उचलायचे. काम सुरू करायच्या आदल्या दिवशी येऊन त्यांनी सगळ्या विटा पिंपात भिजत घातल्या. मी म्हटलं, एक दिवस वाया गेला की. तर म्हणाले, "वैनी, विटंला आदी पानी पाजावं, मंग काम सांगावं. मानसाचं पन तसंच." असं म्हणून ते थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. मला कळलं. मी चहा ठेवला.

घाई हा शब्द त्यांना खपायचा नाही. वास्तुशांतीची तारीख जवळ येत होती, सासूबाई गावाहून निघणार होत्या, म्हणून मी दोन-तीनदा जरा आवाज चढवला. ते शांतपणे ओळंबा सोडून एक डोळा मिटून बघायचे आणि भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणायचे, "घाई हाय त्यानी पडदा लावावा. भिंत मागू नये." मला राग यायचा आणि हसूही यायचं. पुढे ऑफिसात साहेब मागे लागला की मी हेच वाक्य मनात म्हणायला लागले.

ओट्याच्या बाबतीत तर त्यांनी कहरच केला. सिमेंट न लावता नुसत्या सुट्या विटा रचल्या, वर जुन्या कडप्प्याचा तुकडा ठेवला आणि म्हणाले, "तीन दिवस यावर रांधा. मंग उंची ठरवू. कोपराच्या खाली वीतभर, हा माजा हिशोब. पन मानूस कसा उभा ऱ्हातो तेबी बगाया लागतं." मी हादरले. त्यांच्यासमोर स्वयंपाक करणं आलं. दुसऱ्या दिवशी मी चक्क कॅज्युअल लीव्ह टाकली आणि भाकरी थापायला उभी राहिले. माझी उंची पाच फूट. मेस्त्रींनी विटांचे दोन थर काढले, ओटा खाली आणला, माझ्या कोपराला वीत लावली. मग पाटावर बसून माझी भाकरी खाल्ली. ती एका बाजूला जाड होती, दुसऱ्या बाजूला फाटली होती. ते सावकाश चावत राहिले. "चांगली हाय," म्हणाले, आणि तांब्याभर पाणी प्यायले.

मेस्त्री सहाला घरी गेले की खरा स्वयंपाकी पदर खोचायचा. म्हणजे टॉवेल. त्या संध्याकाळी खाली आणलेल्या ओट्यावर शिरीष असा वाकला होता जणू कुणाच्या पाया पडतोय. एका हातात कालथा आणि दुसरा पिठाचा हात समोरच्या भिंतीला टेकलेला. मी म्हटलं, कंबर धरेल रे. तो म्हणाला, "धरू दे. आईच्या मनाला लागण्यापेक्षा कंबरेला लागलेलं बरं." मला तेव्हा फार वाईट वाटलं. एक ओटा पंचवीस वर्षं तरी टिकतो. म्हणजे पंचवीस वर्षं माझ्या नवऱ्याने माझ्या मापावर वाकायचं, आणि तेही चोरून.

त्या भिंतीला त्याच दिवशी केलेला गिलावा ओला होता, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. सकाळी मेस्त्री आले, टॉवेल बांधला आणि भिंतीपुढे उभे राहिले. गिलाव्यात पिठासकट एक पंजा उमटला होता. माझ्या डोक्याच्याही वर, आणि माझ्या हाताच्या दीडपट. मेस्त्रींनी त्यात आपला पंजा घालून बघितला. मग माझा हात मागितला. लहान मुलाच्या पायात बापाची चप्पल असावी, तसा माझा हात त्यात हरवला. मी ऑफिसला निघाले ती अक्षरशः पळाले. चारला शिरीष आला तेव्हा मेस्त्री म्हणाले, "सायेब, जरा हितं उभं ऱ्हावा. हात दुमडा." आणि त्याच्या कोपराला वीत लावली.

रात्री शिरीषने मला सगळं सांगितलं. त्याने मेस्त्रींपुढे कबूल केलं होतं, आईचंही सांगितलं होतं आणि हात जोडून म्हटलं होतं, ओटा बायकोच्याच मापाचा बांधा. मेस्त्री बराच वेळ थापी पुसत बसले. मग त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. तरुणपणी ते मुंबईत मोठमोठ्या घरांत काम करायचे. तिथले ओटे बघून त्यांनी हौसेने गावच्या घरी बायकोसाठी ओटा बांधला. गावातला पहिला. लोक बघायला यायचे. माप घेतलं नाही, नजरेला बरा दिसला तसा बांधला. ती बुटकी होती. वीस वर्षं टाचा उंचावून जेवण करत राहिली, रात्री कंबरेला तेल चोळायची आणि विचारलं तर म्हणायची, शेतातल्या कामाने दुखते. "ती गेली, मंग मी भात टाकाया तिथं उबा ऱ्हायलो," मेस्त्री म्हणाले, "तर वटा माला बरोबर बसला, सायेब. एक बोट हिकडंतिकडं नाय. तवा माला समाजलं मी कोनासाटी बांदलेला." तेव्हापासून ते प्रत्येक घरात आधी विचारतात.

त्यानंतर मी वाद घालण्यात अर्थच नव्हता. ओटा शिरीषच्या मापाचा उठला.

आणि मग पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात जी मजा झाली तिला तोड नाही. ओटा सुकेपर्यंत स्वयंपाकघर बंद. मेस्त्रींनी मागच्या गॅलरीत तीन विटांची चूल मांडली आणि चोरी उघडी पडलेल्या आमच्या स्वयंपाक्याला शिकवणी सुरू केली. येताना ओल्या गोणपाटात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आणायचे, कधी खाडीची कोळंबी, कधी घरचे वाल. तांदळाचं पीठ उकळत्या पाण्यात कसं घालायचं, हात भाजत असताना कसं मळायचं, थापताना बोटांनी कड कशी आवळत न्यायची, हे ते शिरीषला असं शिकवायचे जसं गवंडीकाम शिकवतायत. "कड सरल आली पायजे, सायेब. कड वाकडी म्हंजे पुडं अख्खं घर वाकडं." मी आले की दोघं चुलीपाशी उकिडवे बसलेले, तोंडं काळी, आणि वरच्या मजल्यावरच्या बायका कठड्यावरून वाकून विचारायच्या, काय गं, आज काय? चिंबोऱ्या फोडताना मेस्त्री अजिबात बोलायचे नाहीत. तेवढा एकच वेळ ते गप्प असायचे.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी उरलेल्या फळ्यांतून एक बुटका भक्कम पाट केला. बरोबर दोन विटांच्या उंचीचा. माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "वैनी, हा तुमचा. खोटं बोलायचं असंल तवा यावर उभं ऱ्हायाचं." मी हसले, पण खरंच तीच योजना होती. सासूबाई आल्या की मी पाटावर चढणार आणि पुढचं देव बघून घेणार.

सासूबाई वास्तुशांतीच्या आठ दिवस आधी, एका रविवारी सकाळी आल्या. मेस्त्री टाइल्सच्या फटीत पांढरं सिमेंट भरत होते. सासूबाईंनी बोचकं ठेवलं, पाय धुतले आणि थेट नव्या ओट्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्या माझ्याहूनही बुटक्या. ओटा त्यांच्या छातीला लागला. त्यांनी हात वर करून कडप्प्यावर ठेवला, मग माझ्याकडे बघितलं, मग खालच्या पाटाकडे. सगळं आयुष्य कष्टात काढलेली बाई ती, तिला काय न कळायला.

"ह्यो वटा कुणासाठी बांधलाय?" त्यांनी विचारलं.

मी पाटावर चढले. तोंड उघडलं, पण त्या माउलीकडे बघून खोटं बाहेरच पडेना. कोपऱ्यातून मेस्त्री मान वर न करता म्हणाले, "आये, माप मी घेतलंय. जो रांधतो त्याच्या कोपराचं."

सासूबाई खाली बसल्या. पदर डोळ्यांना लावला. "माझ्या नशिबानं नऊ वर्साचं पोर जाळात बसलं," म्हणाल्या, "आन् आता बी तेच?" मला वाटलं, आता ही बाई बोचकं उचलणार. शिरीष त्यांच्यापुढे बसला. डागाचं मनगट त्यांच्या हातात देऊन म्हणाला, "आई, मला आवडतं गं. तेव्हाही आवडायचं. तू रात्री यायचीस आणि माझी भाकरी बघून हसायचीस. दिवसभरात तेवढंच हसायचीस."

मग सासूबाई नाक पुसून म्हणाल्या, "टाक मग भाकरी. बघू." शिरीषने मेस्त्रींनी शिकवलेली तांदळाची भाकरी टाकली. नव्या ओट्यावरची ती पहिली भाकरी. सासूबाईंनी ती उलटून पालटून बघितली, कड चाचपली, आणि सगळी खाल्ली. "ज्वारीची सर न्हाई," म्हणाल्या. पण हसल्या. मी पाटावरच उभी राहून रडत होते आणि मेस्त्री फडक्याने सिमेंट पुसत होते, पुसायचं काही उरलं नव्हतं तरी.

सासूबाईंनी हात धुतले आणि मेस्त्रींकडे मोर्चा वळवला. "तुमच्या घरात सैपाक कोण करतं?"

"सून," मेस्त्री म्हणाले.

"उंच हाय का?"

मेस्त्रींचं फडकं हातातच राहिलं. "नाय," ते म्हणाले. "तुमच्याएवडी." मग, अगदी हळू, "त्या वट्यावर घरवालीचा हात फिरलाय, आये. मोडवत नाय." सासूबाईंनी मेस्त्रींसाठी एक भाकरी फडक्यात बांधून दिली. मेस्त्री ती घेऊन मिठागराच्या वाटेने निघून गेले.

त्यानंतर दहा-बारा वर्षं ते येत राहिले, कधी कामाला, बहुतेक वेळा जेवायला. घरच्या ओट्याचं आम्ही कधी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. मग एका उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला.

दिवसकार्याला आम्ही दोघं पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेलो. शिरीषने सोबत तांदळाचं पीठ नेलं होतं. आत मेस्त्रींची सून एकटी चाळीस माणसांचं रांधत होती. मी ओट्यावर पाण्याचा तांब्या ठेवला आणि थबकले. हात दुमडला, कोपराला वीत लावून बघितली. बरोबर वीतभर. सून म्हणाली, "तुमच्या वास्तूच्या आदीच जुना वटा मोडला मामांनी. संध्याकाळी फडक्यात भाकरी बांदून घेऊन आले, ती खाल्ली, न् हातोडा घेतला. रडत होते न् मोडत होते. दुसऱ्या दिशी माला बोलले, कोपर दाव." जुन्या ओट्याचा कडप्पा अंगणात तुळशीपाशी बसवलेला होता. संध्याकाळी मामा त्यावरच बसायचे, असं ती म्हणाली.

शिरीषने टॉवेल खोचला आणि भाकऱ्या थापायला उभा राहिला. सून नको नको म्हणत होती. त्या ओट्यावर त्याला कमरेत पार वाकावं लागत होतं, तरी सगळ्या पिठाच्या भाकऱ्या होईपर्यंत तो हलला नाही. सगळ्यांच्या कडा सरळ होत्या. रात्री घरी आल्यावर त्याला उठता-बसता येईना. मी तेल गरम करून आणलं, तर त्याने माझा हात धरला.

"राहू दे," म्हणाला. "आज दुखू दे."